बंद झालेला टकटक्या

३ सप्टेंबर

चि. चिमणीस,

आशीर्वाद आहेतच, पण आधी काम सांगतो. सोबतच्या डबीत एक फुटका मासा आहे. खोटा. किंचाळू नकोस, गळ काढून ठेवलेत. पोटापासून उकललाय, म्हणून त्याचे दोन्ही अर्धे नीट बघून घे. असाच एक, पण धडका, मला पाहिजे. तुझं शहर मोठं आहे, तिथे मासेमारीच्या सामानाची दुकानं असणारच. एखाद्याच्या माळ्यावर, खोक्याच्या तळाशी धूळ खात पडलेला असेल. शोध.

खोक्यावर कंपनीने काहीतरी भारदस्त नाव छापलं होतं, ते कोणी कधी उच्चारलं नाही. आम्ही सगळे त्याला टकटक्या म्हणायचो. पोटात एकच गोळी, मोकळ्या खोलीत सोडलेली. दोरी ओढली की मासा डोलतो आणि गोळी या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटते. टक. टक. आता कंपनीने तो बंद केला आणि त्याच तोंडावळ्याचा एक 'सुधारित' काढला. काय सुधारलं? गोळी काढून टाकली! म्हणे आवाजाने मासे बिचकतात. कोणत्या माशाने तक्रार केली होती देव जाणे. आमच्या धक्क्यावर सध्या हेच चालू असतं. कोणाला बेडकी आठवते, कोणाला पितळी शेपटीवाला आठवतो, आणि बंद पडलेल्या मालाची नावं गेलेल्या नातेवाइकांसारखी घेतली जातात.

माझ्याकडे शेवटचा एक धडका होता. तो चष्म्याने घालवला. तोच, तुझा लाडका चष्मेकाका. जन्मभर दर रविवारी माझ्या होडीत बसला, पण माझी वस्तू कधी मागितली नाही. त्या दिवशी मागितली. "एकदा टाकू दे रे." दिला. तळ्यात ते बुडालेलं झाड आहे ना, ज्याला आम्ही सावकार म्हणतो, कारण एकदा घेतलेलं परत देत नाही? त्याची एक फांदी पाण्याबाहेर आलेली आहे, चांगली माणसाच्या मांडीएवढी. या गृहस्थाने टकटक्या उचलला आणि सरळ त्या फांदीवर फेकला. ओढला, दोरी तुटली, मासा खाली फांद्यांच्या जाळ्यात गेला, खेळ खलास. मी म्हणालो, "डोळे फुटले होते का तुझे?" आता असं कोण म्हणत नाही? त्याने काठी आवरली, आणि तेव्हापासून तळ्यावर फिरकलेला नाही.

न येऊ दे. मला टकटक्या पाहिजे, बाकी काही नको. मिळाला की त्याच्या दुकानाच्या काचेवर वाजवतो आणि म्हणतो, हा घे, मिळाला, आता तोंड फुगवणं पुरे, चल रविवारी. पण तोवर त्याला यातलं काही कळता कामा नये.

लिफ्ट दुरुस्तीची नोकरी संपल्यापासून मला एका जागी बसवत नाही. मामी म्हणते, घरातच लिफ्ट चालू आहे. काल स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. एकही कुरकुरत नव्हती. उत्तर लवकर पाठव. फोन करू नकोस, तो मामीच्या खुर्चीशेजारी असतो.

मामा

१४ सप्टेंबर

ती. मामा,

नमस्कार. सापडतील तेवढी दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने मला बघून विचारलं, "साहेब गाडीत बसलेत का?" दुसऱ्याने डबी उघडली आणि एकदम हळवा झाला. "हा? हा आता कुठला मिळायला!" मग बंद झालेल्या सगळ्या माशांची कुळकथा सांगत बसला. माझी जेवणाची सुट्टी गेली, मासा काही मिळाला नाही.

म्हणून मी ठरवलंय, मीच बनवते. हसू नकोस. मी दिवसभर खोटे दात बनवते, खोटा मासा असा काय अवघड आहे? तुझ्या फुटक्याचा साचा घेतलासुद्धा. प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेत तो वाळत ठेवला होता. आमच्या डॉक्टरांनी उचलून पाहिला आणि विचारलं, "ही कोणाची दाढ?" म्हटलं, माझ्या मामाची. त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. आठवडाभरात पाठवते.

मामा, एक विचारू? तुला टकटक्या पाहिजे की काका? काका पाहिजे असेल तर दुकान तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे, आणि त्यासाठी साचा लागत नाही.

तुझी चिमणी

१८ सप्टेंबर

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. तुझा पत्ता तुझ्या मामीकडून घेतला. मामाला बोलू नका असं त्यांना सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, या घरात मला कोणी काही सांगतच नाही, मी कोणाला काय बोलणार.

माझ्या हातून तुझ्या मामाची एक वस्तू गेली. वस्तू लहान, पण त्याचा जीव होता तिच्यात. पाण्यात टाकायचा एक मासा, आता बनत नाही तो. पोटात गोळी असते, टकटक वाजते. तुझ्या शहरात कुठे मिळाला तर माझ्यासाठी घेऊन ठेवशील? मी तो गुपचूप त्याच्या होडीत ठेवून येईन. समोरासमोर द्यायला नको. तो विचारेल, गेलाच कसा, आणि त्याला उत्तर देणं मला जड जाईल.

रविवारी मी आता दुकानातच असतो. कोणी विचारलं तर मान धरली आहे म्हणून सांगतो. तुझा मामा, आमचा लिफ्ट, दुकानावरून दिवसातून कितीदा तरी जातो. त्याच्या चपलांचा आवाज मला कळतो. दारापर्यंत येतो, थांबतो, आणि निघून जातो.

तू पहिला चष्मा लावलास तो दिवस परवा आठवला. दुकानाच्या पायरीवर उभी राहून समोरच्या झाडाकडे बघत होतीस आणि ओरडत होतीस, "काका, याला पानं आहेत!"

अक्षर वाईट आलं आहे. शाई पातळ आहे.

तुझे चष्मेकाका

२३ सप्टेंबर

प्रिय काका,

नमस्कार. शाई पातळ नाही, चांगली काळीभोर आहे. तुमच्या ओळी एकमेकींवर चढल्यात. शेवटची ओळ तर कागद सोडून टेबलावर गेली असणार. ज्या काकांनी माझ्या लहानपणी काचेवर नखाएवढे आकडे कोरून दाखवले, त्यांचं हे अक्षर नाही.

तुमच्या दुकानात मी पाटीवरची अक्षरं पाठ करून यायची आणि न बघता घडाघडा म्हणायची. तुम्ही पाटी उलटी टांगलीत आणि म्हणालात, "डोळ्यांच्या बाबतीत थाप मारायची नाही." आता मी विचारते आहे. थाप मारायची नाही.

मामाला मी काही सांगणार नाही, शब्द देते. आणि माशाचं काम घेतलंय. तो कुठे मिळत नाही, म्हणून मीच बनवते आहे.

तुमची चिमणी

२८ सप्टेंबर

चि. चिमणीस,

तुझा मासा मिळाला. दिसायला असा देखणा की मामीने आरशापुढे ठेवला. पाठीची कड, कल्ल्यांवरच्या रेघा, सगळं हुबेहूब. घाईघाईने होडी काढली, मध्यावर गेलो, टाकला. टाकला तो थेट तळाला गेला बाई! सरळ, एखादं काम उरकायला निघाल्यासारखा. दोरी बांधलेली म्हणून वर तरी आला. अगं, दात तरंगत नाहीत! आख्खा भरीव ओतलास. आत गोळी नाही, गोळीला खोली नाही, डोलणं नाही, काही नाही. धक्क्यावरचे सगळे बघत होते. आता माझं नाव कवळीवाला पडलंय.

हे राहू दे. आज वेगळंच आहे. चष्म्याच्या दुकानावर 'जागा भाड्याने देणे आहे' असा फलक लागलाय. मी दोनदा वाचला. फलकाबद्दल एक शब्द नाही मला. शेजारचा किराणावाला म्हणतो, मुलाकडे चाललाय, पुढचा महिना संपला की. किराणावाल्याला माहीत, मला नाही! एका खोट्या माशावरून माणूस इतकं मनात धरतो? मी काय त्याच्या घरादाराला शिव्या दिल्या होत्या? आत जाऊन विचारणार होतो. दारापर्यंत गेलो. तो आत बसला होता, तोंड माझ्याकडे होतं, मला पाहिलं आणि ओळखसुद्धा दाखवली नाही. हललाही नाही. मी तसाच परत फिरलो.

रात्री झोप नाही, दिवसा काम नाही. सगळ्या खिडक्यांच्या कड्या बदलल्या. तू बनवणार असशील तर लवकर बनव. तो गेल्यावर मी काच कोणाची वाजवू?

मामा

२ ऑक्टोबर

चि. चिमणीस,

पकडलंस. पाटी उलटी टांगलीस माझी.

कडा अंधारत आल्यात, बाळ. मधलं दिसतं, तेही नळीतून बघितल्यासारखं. बाजूला काय आहे, दारात कोण उभं आहे, कळत नाही. औषधाच्या थेंबांनी आहे तेवढं टिकेल, गेलेलं येणार नाही. जन्मभर लोकांना सांगितलं की वेळेवर दाखवा, आणि मी स्वतः उशिरा दाखवलं.

टकटक्या मागितला तो यासाठीच. बाकीचे मासे पाण्यात गेले की माझ्या लेखी गेलेच. हा एकटा दोरीवरून बोटापर्यंत बोलतो. टकटक चालू म्हणजे पाणी मोकळं, मंदावली म्हणजे शेवाळ, अडखळली म्हणजे दगड. मला बघायचं होतं, डोळ्यांशिवाय जमतंय का. जमलंही असतं. पण आधी फेकावा लागतो, आणि फेकायला डोळे लागतात. ती फांदी मला दिसलीच नाही. मी मोकळ्या पाण्यातच टाकत होतो.

मग तुझा मामा जे बोलला ते बोलला. त्यात त्याचं काही चुकलं नाही, सगळेच बोलतात तसं. पण क्षणभर मला वाटलं, याला कळलं. एकदम हलकं वाटलं मला. त्याच्याकडे पाहिलं तर तो फांदीकडे बघून चरफडत होता. कळलेलं नव्हतं. मग माझ्याच्याने सांगवलं नाही.

या महिन्याच्या शेवटी मी मुलाकडे जातो आहे, कायमचा. चष्मेवाल्याचेच डोळे गेले हे गावाने चघळायला नको. आणि लिफ्टला तर नकोच. तो माझा हात धरून चालायला लागला तर मला सोसवणार नाही. त्यापेक्षा त्याचं चिडणं बरं. तू शब्द दिला आहेस.

तुझे काका

८ ऑक्टोबर

ती. मामा,

नमस्कार. सोबत दुसरा टकटक्या. हा पोकळ आहे, पोटात लांबट खोली आहे, आणि खोलीत एकच गोळी. आमच्या दात कोरायच्या यंत्राचं बेअरिंग गेलं होतं, त्यातली. प्रयोगशाळेच्या बादलीत पोहवून बघितला. डोलतो आणि वाजतोही. रंग मात्र दातांचाच आहे, तो मला बदलता येत नाही. आता कोणी कवळीवाला म्हटलं तर म्हणू दे.

आता मी सांगते तसं कर, आणि मध्ये फाटे फोडू नकोस. एकटा जा. धक्क्यावर कोणी नसेल तेव्हा जा. दूर टाक. टाकला की डोळे मीट. मासा काठाला लागेपर्यंत उघडायचे नाहीत. बोट दोरीवर ठेव. तू लिफ्टच्या दोरावर हात ठेवून कोणत्या मजल्यावर काय बिघडलंय ते सांगायचास, तसं.

मग बसून विचार कर, हा मासा कोणाला इतका हवा असेल, की ज्याने जन्मात कधी काही मागितलं नाही त्याने तो मागावा.

मी तुला काहीही सांगितलेलं नाही. शब्द दिलाय, तो मोडलेला नाही, हे लक्षात असू दे. आणि मामा, दारातून परत फिरायचं नाही या वेळी.

चिमणी

१४ ऑक्टोबर

चि. चिमणीस,

तू सांगितलंस तसंच केलं. पहिल्यांदा डोळे उघडले, राहवलं नाही. दुसऱ्यांदा नाही उघडले.

बोट दोरीवर ठेवलं आणि सगळं तळं बोटात आलं. इथे मोकळं, इथे गवत, इथे दगड. मी इतकी वर्षं तिथे जातोय, मला माहीत नव्हतं की डाव्या हाताला दगड आहेत. मासा काठाला लागला तरी मी डोळे मिटूनच उभा होतो, कारण मला एकेक दिसायला लागलं होतं. गाठ मारायला त्याने दोरी माझ्याकडे दिली ते. चहा कपाच्या बाहेर ओतला आणि होडी हलली म्हणाला ते. होडीत उतरताना माझा खांदा चाचपला ते. मी म्हणायचो, म्हातारा झालास रे. आणि दारात मी उभा असताना तो नुसता बघत राहिला, ते. मी काय बोललो होतो त्याला, चिमणे! काय बोललो होतो मी!

तसाच ओल्या पायांनी दुकानात गेलो. तो काचा पुसून खोक्यात भरत होता. माझ्या चपला ऐकून मान वर केली.

"लिफ्ट?" म्हणाला.

मी तपासायच्या खुर्चीत बसलो. समोर तीच ती अक्षरांची पाटी. म्हटलं, "चष्म्या, त्या दिवशी मी जे बोललो..."

"डोळे फुटले होते का म्हणालास."

"हो."

"तेव्हा पुरते फुटले नव्हते," तो म्हणाला. "अर्धे शिल्लक होते. माप नीट घेत जा."

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. त्याचंही तेच झालं असावं, कारण त्याने हातातली काच पुसलेली असून परत पुसायला घेतली. मग म्हणाला, "तुला चिमणीने सांगितलं." मी म्हटलं, "नाही. तिने मासा पाठवला." टकटक्या त्याच्या हातात दिला. त्याने तो कानाशी धरून हलवला, आणि बराच वेळ हलवत बसला.

तसेच तळ्याकडे निघालो. हात धरला नाही मी त्याचा. पुढे चालत राहिलो, चपला जरा जास्त वाजवत. होडीत फेकायची वेळ आली तेव्हा म्हटलं, "सावकार उजवीकडे. डावीकडे टाक. आणखी डावीकडे. हां." त्याने टाकला. पडला बरोबर मोकळ्या पाण्यात. पुढचं सगळं त्याचं त्याने केलं. "आता गवत... आता दगड..." असं बोलत होता. मग काठी वाकली. मासा काही मोठा नव्हता. सोडून दिला.

रविवार उरले नाहीत फार, म्हणून आम्ही आता रोजच जातो. तू अजून एक बनव, अगदी असाच. तुझ्या त्या यंत्राचं आणखी एक बेअरिंग जाऊ दे.

मामा

२० ऑक्टोबर

ती. मामा,

दुसरं बेअरिंग गेलं नव्हतं. मी काढलं. डॉक्टरांना सांगितलं, मामाची दुसरी दाढ. सोबत पाठवते आहे. आवाज पहिल्यासारखाच आहे, बादलीत दोन्हींचा ताळमेळ लावून बघितला असता, पण पहिला तुमच्याकडे आहे. गळ अडकवलेले नाहीत. कुठे लावायचे की नाही लावायचे, तुमचं तुम्ही ठरवा.

काकांना नमस्कार. आणि सांग, शब्द मोडला नाही.

चिमणी

१ नोव्हेंबर

चि. चिमणीस,

काल चष्म्या मुलाकडे गेला. आज सकाळपासून मी एकाच खुर्चीत बसून आहे. मामी मघाशी येऊन कपाळाला हात लावून गेली, ताप आहे का बघायला.

तुझा दुसरा मासा मी ठेवला, पहिला त्याला दिला. गळ काढून. मुलाच्या गावात तळं नाही, पण तो म्हणाला, खिशात असू दे. आपला जुना टकटक्या मात्र सावकाराकडेच राहिला. मी पोहत जाऊन आणतो म्हटलं तर तो म्हणाला, "राहू दे. सावकाराचंही कोणी असायला हवं."

स्टेशनवर गाडीपाशी ही गर्दी. मुलाने त्याला खिडकीशी बसवलं. मी पेटी आत लावून खाली उतरलो, तोवर मध्ये माणसंच माणसं. तो खिडकीतून मला शोधत होता. डोकं इकडे, डोकं तिकडे. एवढ्या गर्दीत त्याच्या नळीला मी कुठून सापडणार? हाक मारली, तर नेमकी वर कर्ण्यावर सूचना चालू. मला पुढे सरकता येईना. माझा हात फक्त डब्याच्या पत्र्याला पोचत होता, त्याच्या खिडकीपासून लांब, मागच्या बाजूला.

मग मी खिशातला टकटक्या काढला आणि पत्र्यावर वाजवला. टक. टक. पत्रा आवाज किती दूर नेतो ते लिफ्टवाल्याला कोणी शिकवायला नको.

त्याचा हात खिडकीच्या चौकटीवर होता. तो थांबला. डोकं फिरवायचं त्याने सोडून दिलं. मला बघायचा प्रयत्नच केला नाही त्याने पुढे. नुसता समोर बघत राहिला, आणि चेहरा असा झाला, चिमणे, की मी तुला काय सांगू. मग दुसऱ्या हाताने कोटाच्या खिशात चाचपून त्याने त्याचा काढला, आणि चौकटीवर वाजवला. मी पत्र्यावर हात ठेवला. बोटात आलं.

गाडी हलली. मी पत्र्यावर हात ठेवून बरोबर चालत राहिलो, आणि फलाट संपेपर्यंत तो वाजवत होता.

मामा